आधी तोंड दाखव

माझा नवा कोरा माउथपीस मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत कापला. विचारलं नाही, सांगितलं नाही. हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, लेथच्या चकमध्ये आवळला आणि मशीन सुरू केली. मी "काका, काका" करत पुढे होईपर्यंत चांदीचा मुलामा खरवडून आतलं पिवळं पितळ दिसायला लागलं होतं. ओठांना लागतो तो गोल काठ सुटून खाली पडला आणि घरंगळत माझ्या चपलेपाशी येऊन थांबला.

माउथपीस म्हणजे ट्रंपेटच्या टोकाला बसतो तो बोटभर लांबीचा तुकडा. बाकी अख्खा ट्रंपेट हातात असतो, हा एवढाच ओठांवर. मोबाइलवर महिनाभर शोधून मी तो मागवला होता. ज्यांचे व्हिडिओ पाहून मी शिकत होते ते सगळे त्याच नंबरचा वापरत. पार्सल तिरोड्याला आमच्या घरी आलं त्या दिवशी आईनं हाक मारली तरी मी डबा सोडून जेवायला उठले नव्हते.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा दुकानाच्या दारात उभे राहून हसत होते.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "आधी सांगतलं असतं तर तू आलीच नसती."

बाबांची स्वतःची बँड पार्टी होती, चौदा जणांची. लग्नाच्या वराती, जयंतीच्या मिरवणुका, गणपती, सगळीकडे पुढचा ट्रंपेट बाबांचा. मला त्यांनीच शिकवलं. मी एकोणीस वर्षांची होते आणि सरकारी नोकरीतल्या, वर्दीतल्या एका बँडच्या भरतीची तयारी करत होते. खालचे सूर माझे चांगले लागत, पण वरच्या पट्टीत गेलं की पाच मिनिटांत ओठ सुजायचा. बाबा म्हणाले, हे माझ्या हातचं काम नाही, मिस्त्रीला दाखवू.

मिस्त्रींचं दुकान गोंदियाच्या बाहेर, फुलचूरला. टिनाचं शेड, एक जुनी लेथ, एक ड्रिल मशीन, आणि जमिनीवर राइस मिलचे शाफ्ट नि पुल्या. पोटाचं काम ते. माउथपीसचं काम हा नाद. सत्तरीचा, वाळक्या अंगाचा माणूस, खाकी हाफ पँट, बंडीच्या खिशात माप घ्यायचा व्हर्नियर. बोलताना तो कधी डोळ्यांत पाहायचा नाही, तोंडाकडे पाहायचा. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही आणि तो ओठ वाचतो आहे. मी आत गेले तेव्हा त्यांची नजर माझ्या ओठांवर आली आणि तिथंच राहिली. मला कसंसंच झालं. मी ओढणी तोंडाशी धरली.

"आधी तोंड दाखव," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"तोंड उघड. तुह्या हाताची तीन बोटं, अशी उभी. घाल तोंडात."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान डोलावली. परक्या माणसासमोर मी स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घातली. मिस्त्रींनी वाकून पाहिलं, व्हर्नियर काढून वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंतचं अंतर मोजलं आणि शाळेच्या एका वहीत माझं नाव लिहून पुढे आकडा टाकला.

"आता तू," ते बाबांना म्हणाले.

"मी कायले? काम पोरीचं आहे."

"जो दुकानात आला त्यानं."

तेवढ्यात बाबांना फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर निघून गेले. तो फोन वाजला नव्हता हे मला फार उशिरा आठवलं.

मग मिस्त्रींनी सालेकस्याच्या बाजारातून आणलेलं मधाच्या पोळ्याचं मेण हातावर मळून मऊ केलं, त्याची पुरी माझ्या ओठांवर लावली आणि म्हणाले, फुंक, वाजवतेस तशी. मेणात माझे ओठ आणि त्यामागच्या दातांचा उठाव उमटला. त्यात त्यांनी प्लास्टर ओतलं. ते वाळायला ठेवताना त्यांनी भिंतीच्या फळीवरचा फडका सरकवला आणि मी दचकून मागे झाले. फळीवर तोंडंच तोंडं होती. पांढरी, ओठ आवळलेली, प्रत्येकाखाली पेन्सिलनं नाव. आमगाव, देवरी, तुमसर, बालाघाट, जिथं जिथं ट्रंपेट वाजतो तिथली.

"तुहा बाप तो," त्यांनी बोट दाखवलं. "नऊ वर्षं झाले."

बाबांचे ओठ मला लगेच ओळखू आले. हे सगळं झाल्यावर, माझा दात बोटानं दाबून पाहून, त्यांनी माझा माउथपीस मागून घेतला आणि कापला.

"तुहा वरचा एक दात पुढं आहे," कापून झाल्यावर ते शांतपणे म्हणाले. "या काठाची धार त्याच दातावर येऊन राहिली. तू जोर लावते, तो दात ओठाले आतून चावते. माउथपीस चपलेसारखा राहते, पोरी. दुसऱ्याच्या पायाचा नंबर पाहून घेशील तर फोडच येईन."

आठ दिवसांनी मी परत गेले तेव्हा माझ्या एका माउथपीसचे तीन भाग झाले होते. ओठांना लागतो तो काठ, त्याखाली हवा जमते ती वाटी, आणि ट्रंपेटमध्ये जाणारी दांडी. तिन्हींना आटे पाडले होते. वाटी त्यांनी थोडी उथळ केली होती, म्हणजे वरचे सूर कमी दमात लागावेत. काठ दोन केले होते. एक चांदी चढवलेला पितळी, एक पांढऱ्या नायलॉनचा.

"नायलॉनचा कायले?" मी विचारलं.

"जयंतीले एप्रिलच्या उन्हात पितळ लावून पाहा तोंडाले. मंग सांगजो."

पितळी काठ लावून मी फुंकलं आणि जो सूर मला सहा महिने सापडत नव्हता तो सरळ निघाला. मी वाजवायची थांबले. मला वाटलं कुणी दुसऱ्यानंच वाजवला. मिस्त्रींनी वर पाहिलं नाही. त्यांना सुरांशी देणंघेणं नव्हतं. कोणतं गाणं चालू आहे हे त्यांना कधी कळायचं नाही. एकदा एका वरातीत मी त्यांना पाहिलं. रस्त्याच्या कडेला उभे राहून ते बँडवाल्यांच्या गालांकडे पाहत होते. वरात संपल्यावर त्यांनी एका वाजवणाऱ्याला बाजूला घेतलं आणि म्हणाले, तुझी हवा उजवीकडून निसटते, दाढ काढली काय? त्यानं खरंच आठवड्यापूर्वी दाढ काढली होती.

लोक त्यांना अर्धवट म्हणत. सुगीत राइस मिलवाले शाफ्ट घेऊन त्यांच्या दारात उभे असायचे. एका मिलचे शेठ मी असताना आले होते. मिस्त्री माझ्यासमोर एका वाजवणाऱ्याचा काठ एमरी पेपरनं घासत होते.

"मेरी मिल सुबह से बंद पडी है और आप ये बाजा घिस रहे हो?" शेठ म्हणाले.

"तुमचा धान उद्यापर्यंत सडत नाही," मिस्त्री म्हणाले. "याची बारात पाच वाजता आहे."

शेठनी शाफ्ट उचलून दुसरीकडे नेला आणि तिसऱ्या दिवशी परत आणला. तसा सफाईदार हात गोंदियात दुसरा नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं.

त्यांचं तीन बोटांचं वेड मात्र सगळ्या जिल्ह्यात चेष्टेचा विषय होतं. बँडवाले एकमेकांना भेटले की तीन बोटं तोंडासमोर धरून हसायचे. बोटं न घालता मिस्त्री कुणाच्या माउथपीसला हात लावत नसत. काही जण चिडून निघून जात. मिस्त्री त्यांना थांबवत नसत, फक्त वहीत नावापुढे रेघ मारत. मीही हसायचे. घरी आल्यावर मी त्यांची नक्कल करून आईला दाखवली होती. आई हसली, बाबा हसले नाहीत. ते उठून अंगणात गेले आणि त्यांनी खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली.

खर्रा आमच्याकडे चहासारखा असतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा. बाबा दिवसाला किती खात हे कुणी कधी विचारलं नाही. बँडवाल्यांत न खाणारा मी पाहिला नव्हता.

त्यानंतरच्या दिवाळीनंतर, लग्नं सुरू झाली तेव्हा, बाबांचे वरचे सूर जायला लागले. आधी ते म्हणाले थंडी आहे. मग म्हणाले बोटांखालचे व्हॉल्व्ह अडकतात. एका वरातीत ऐन मुखड्यावर त्यांचा सूर फाटला आणि मागच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारीच वाजवत होते, तो तुकडा मी माझ्या ट्रंपेटवर उचलला. घरी जेवताना बाबा भाकरी दुधात कुस्करून खात होते. तिखट लागतं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चल, मिस्त्रीकडून काठ रुंद करून घेऊ. हा आता टोचून राहिला."

दुकानात गेल्यावर बाबांनी माउथपीस बाकावर ठेवला. बावीस वर्षं वापरलेला, अंगठा लागून लागून एका बाजूनं झिजलेला.

"आधी तोंड दाखव," मिस्त्री म्हणाले.

बाबा हसले. "मिस्त्री, आता आपसात कायले हे नाटक?"

"तोंड दाखव."

बाबांनी बोटं उचलली. तीन जात नव्हती. दोन घालायचा प्रयत्न केला, तीही पहिल्या पेरापाशी अडली. मी त्यांच्या शेजारी उभी होते. रोज एका ताटाजवळ बसणाऱ्या माझ्या बापाचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मिस्त्रींनी व्हर्नियर लावला. वहीची जुनी पानं उलटली. नऊ वर्षांपूर्वीचा आकडा बेचाळीस होता. त्याखाली त्यांनी बावीस लिहिलं. मग माझ्या हातातला मोबाइल घेतला, त्याचा टॉर्च लावला, बाबांचा खालचा ओठ डावीकडे ओढून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मीही वाकले. ओठाच्या आत, गालाकडे, पांढरा पट्टा होता आणि त्याच्या मधोमध चवन्नीएवढी लाल जखम, तिच्या कडा उचललेल्या.

"किती दिवस झाले?" मिस्त्रींनी विचारलं.

"छाला आहे, तोंड आलं. माउथपीस टोचते म्हणूनच तर आलो. काठ रुंद करून द्या, बसून जाईन."

मिस्त्रींनी वही मिटली. त्यांनी बाबांचा माउथपीस उचलला. मला वाटलं चकमध्ये बसवतील. त्यांनी तो वाइसच्या लोखंडी जबड्यात धरला आणि दांडा फिरवला. एकदा, दोनदा. वाटी चेपली, काठ वाकडा झाला, आणि बावीस वर्षांचा तो माउथपीस दाबलेल्या पत्र्याच्या डब्यासारखा चपटा होऊन बसला.

बाबांनी मिस्त्रींच्या थोबाडीत मारली.

माझ्या बाबांनी घरात कधी कुणावर हात उगारला नव्हता. त्यांनी सत्तर वर्षांच्या माणसाला मारलं आणि मिस्त्री बाकावर धडकून खाली बसले. त्यांचा चष्मा पुल्यांमध्ये जाऊन पडला. मी जागची हललेच नाही. मला कुणाकडे जावं ते समजेना.

"पागल आहे तू," बाबा म्हणाले. "माह्या पोटावर पाय देला तू."

"मार अजून," मिस्त्री खाली बसूनच म्हणाले. "पण नागपूरले जा. या हप्त्यात जा."

बाबा मला तिथंच सोडून निघून गेले.

आठवडाभर कुणी नागपूरला गेलं नाही. बाबांनी दुसरा माउथपीस आणला. तो लावून ते दारं बंद करून सराव करत आणि मध्येच थांबत. आई दाराबाहेर उभी राहून ऐकायची. मी दोनदा म्हणाले, डॉक्टरला दाखवू. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "तुही भरती पाहा. माह्या तोंडात पाहू नको."

मी एकटीच फुलचूरला गेले. खरं सांगायचं तर मी भांडायला गेले होते. सांगायचं होतं तर नीट सांगता आलं नसतं का, माणसाची वस्तू अशी मोडतात का, हे विचारायला. मिस्त्रींच्या गालावर अजून निळा डाग होता. मी बोलत होते तोवर त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी बाकाचा खालचा खण ओढला, त्यातून एक कापड काढलं आणि उलगडून माझ्यासमोर पसरलं. सात माउथपीस होते, ओळीनं ठेवलेले.

"माहा लहाना भाऊ," ते म्हणाले. "तुह्या बापासारखाच पुढचा ट्रंपेट वाजवे."

त्यांनी पहिला उचलला. "हा त्याचा असली. मंग एक दिवस म्हणे, भाऊ, तोंड आवळते, सूर लागत नाही. मी हा करून देला. वाटी उथळ केली. वाजवला त्यानं सीझनभर." दुसरा, तिसरा. काठ रुंद केलेला, काठ गोल केलेला. "लोक म्हणत, काय कारागीर आहे. त्याचं तोंड बंद होत गेलं, मी पितळ बदलत गेलो. मले मजा येऊन राहिली होती, पोरी. हरेक बार नवीन अडचण, हरेक बार मी काढून देत होतो."

शेवटचा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. त्याचा काठ पूर्ण गोल नव्हता. डाव्या बाजूला, खाली, बोटाच्या टोकाएवढी खाच घेतली होती, इतकी गुळगुळीत घासलेली की नखालाही ती लागत नव्हती.

"हे काय आहे?"

"तिथं त्याची जखम होती," मिस्त्री म्हणाले. "त्याले दुखू नये म्हणून काठ तिथून खाली घेतला. तो म्हणे, भाऊ, आता बिलकुल दुखत नाही. चार महिने वाजवला त्यानं याच्यावर. दुखलं असतं तर गेला असता डॉक्टरकडे."

लेथ बंद होती. बाहेर रस्त्यावरून धानाचे ट्रॅक्टर जात होते. मी त्या खाचेकडे पाहत राहिले. इतकं सुंदर काम मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते हातात धरवत नव्हतं.

"हा मले द्या," मी म्हणाले.

"कायले?"

"बाबाले दाखवाचा आहे."

ते माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "ने. खर्रा सगळे डावीकडंच धरतात."

घरी आले तेव्हा बाबा अंगणात खाटेवर बसून व्हॉल्व्हना तेल देत होते. मी मनाशी पुष्कळ बोलणं ठरवलं होतं. मिस्त्रींच्या भावाचं सांगायचं, सातही माउथपीसचं सांगायचं. मी तो माउथपीस त्यांच्या हातात दिला, एवढंच.

"मिस्त्रीनं देला?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी तो फिरवून पाहिला. खाचेवरून अंगठा फिरवला. मग वाजवणारा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी तो ट्रंपेटमध्ये बसवला आणि ओठांना लावला.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. महिनाभर ओठांना काठ लागला की त्यांची डावी पापणी मिटायची. ती मिटली नाही. खाच बरोब्बर जखमेवर आली होती. त्यांनी फुंकलं आणि सूर निघाला, भरलेला, स्वच्छ, वरच्या पट्टीतला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबांच्या चेहऱ्यावर आनंद आला. तो मी पाहिला, आणि मला रडू फुटलं.

"काऊन रडून राहिली?" बाबा म्हणाले. "चांगला तर वाजला. मिस्त्रीनं माह्यासाठी केला ना?"

"नाही," मी म्हणाले. "हा त्याच्या भावाचा आहे. तो मेला."

बाबांनी ट्रंपेट खाली घेतला. माउथपीस काढला. खाचेवर परत अंगठा ठेवला, मग दुसरा अंगठा स्वतःच्या ओठाखाली, आतल्या जखमेवर बाहेरून दाबला. दोन्ही जागा त्यांनी कितीतरी वेळ तशाच धरून ठेवल्या. मग आईला म्हणाले, "नागपूरले सकाळची गाडी किती वाजता आहे?"

नागपूरला तुकडा काढून तपासायला पाठवला आणि जे ऐकायचं नव्हतं तेच ऐकलं. बाबांच्या डाव्या जबड्याचा एक भाग काढला, गालाचा आतला भाग काढला, आणि छातीवरची कातडी आणून गाल बांधला. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा त्या खोलीतल्या सहा माणसांत मला माझा बाप सापडला नाही. मी दारात उभी राहून एकेका खाटेकडे पाहत होते. चौथ्या खाटेवरून एक हात वर झाला आणि बोटांनी हवेत तीन व्हॉल्व्ह दाबले. तेव्हा कळलं.

बाबा वाचले. पार्टी अजून आहे. बाबा पुढे चालतात, हातानं ताल देतात, ट्रंपेट मात्र परत ओठांना लागला नाही. माझी भरती त्याच वर्षी झाली. चाचणीला मी मिस्त्रींचा तीन भागांचा माउथपीस लावला होता. परीक्षकांनी तो मागून घेऊन पाहिला, खोलला आणि विचारलं, कुठून आणला. मी म्हटलं, राइस मिलचे शाफ्ट बनवतात तिथून. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

बाबांना मिस्त्रींकडे जायला सात महिने लागले. लाज वाटत होती. बोलणंही अजून नीट कळत नव्हतं. दुकानात जाऊन ते मिस्त्रींसमोर उभे राहिले, त्यांचा हात धरला आणि स्वतःच्या तोंडाजवळ नेऊन म्हणाले, "मार."

मिस्त्रींनी त्यांचा चेहरा दोन्ही बाजूंनी पाहिला. "कोन्या गालावर मारू? एकच तर ठेवला तू."

मी हबकले. असं कुणी बोलतं का? पण बाबा हसायला लागले, अर्ध्या चेहऱ्यानं, लाळ गळेपर्यंत, आणि मिस्त्रींनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांची हनुवटी पुसली. मग दोघं बाकावर बसून राइस मिलवाल्यांना शिव्या देत बसले. बाबांचं अर्धं बोलणं मला समजत नव्हतं. मिस्त्रींना सगळं समजत होतं.

मिस्त्री जाऊन आता दीड वर्ष झालं. झोपेत गेले. त्याआधी तीनेक महिने मी रजेवर आले होते, तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. बँडमध्ये मला बढती मिळाली होती. दुपारची वेळ होती. ते काम करत नव्हते, स्टुलावर बसून होते. फळीवर तोंडं होती तशीच होती. मी थोडं इकडचं तिकडचं बोलले. त्यांनी एकदम विचारलं, "तू तर इतक्या डॉक्टरांत राहिली. मले एक सांग."

"काय?"

"मी ते माउथपीस करून देले नसते, तर तो वाचला असता काय?"

पहिल्यांदाच ते माझ्या डोळ्यांत पाहत होते. हाच प्रश्न, नाव न घेता, मी नागपूरला डॉक्टरबाईंना विचारला होता. त्यांनी जे सांगितलं होतं ते मला शब्द न् शब्द आठवत होतं. म्हाताऱ्या माणसाला काय सांगतात ते मला कळत होतं. नशिबात होतं, काका. तुमी काय करणार होता. तोंडाशी हेच आलं होतं.

"हो," मी म्हणाले. "पहिल्या वर्षी गेला असता तर वाचला असता. बहुतेक वाचला असता."

म्हणून झालं आणि मला माझीच भीती वाटली. मिस्त्रींनी हळूहळू मान डोलावली, एखाद्याचं माप बरोबर निघाल्यावर डोलावत तशी.

"चाळीस वर्षं झाले विचारून राहिलो," ते म्हणाले. "सगळे नाही म्हणत. त्याची बायकोसुद्धा."

त्यांनी डब्यातला एक पेढा घेतला, अर्धा केला, अर्धा मला दिला आणि आपला अर्धा सावकाश खाल्ला.